विचारा, सांगते : स्मिता पाटील आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात स्मिता पाटीलवर एक पान होतं. १७ ऑक्टोबरला तिला सत्तर पूर्ण झाली असती, त्या निमित्तानं. फोटो मोठा, मजकूर बेताचा आणि शेवटी "शापित सौंदर्याची अल्पायुषी कहाणी" अशी एक ओळ. ती ओळ माझी नाही हे आधीच सांगून ठेवते. पण त्या ओळीनं काय केलं माहितीये का, पत्रं, मेल, व्हॉट्सॲप असं जे काही येऊन पडलंय त्यातलं निम्म्याच्या वर तिच्या मरणाबद्दल आहे, कशी गेली, कुणामुळे गेली, तिला आधी कळलं होतं का, वगैरे वगैरे. म्हणून या महिन्यात सोसायटीतली पार्किंगची भांडणं आणि सासूबाईंचे फॉरवर्ड्स वेटिंगवर. आज फक्त स्मिता.

मी तेवीस वर्षांचा आहे. रील्समध्ये तिचे डोळे दिसतात, मागं कुठलंतरी उदास गाणं असतं, पण पिक्चर एकही पाहिलेला नाही. आई म्हणते तुला नाही कळायचं. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, कोथरूड

आईला म्हणावं कळायचं नंतर, आधी बघू तर दे.

'मिर्च मसाला'पासून सुरुवात करा. केतन मेहताचा पिक्चर, १९८७ ला आला म्हणजे ती गेल्यानंतर. सुरुवातीलाच नदीवरचा सीन आहे. सुभेदार, म्हणजे नसीरुद्दीन शाह, आपले घोडेस्वार घेऊन येतो, पाणी भरायला आलेल्या बाया पळत सुटतात आणि एकटी सोनबाई तिथंच थांबते. त्याला पाणी प्यायचंय. ती त्याला ऐकवते की जनावरांची जागा तिकडं आहे, माणसासारखं प्यायचं असेल तर वाकायचं, ओंजळ धरायची. आणि तो चक्क वाकतो! आता हा सीन एकदा आवाज बंद करून बघा. बाई घाबरलेली आहे, हे कोण आहे आणि काय करू शकतं ते तिला नीट कळलंय, पण आपण काय करून बसलो याची थोडी मजाही तिला येतीये, आणि हे दोन्ही एकाच वेळी चेहऱ्यावर आहे, आधी हे मग ते असं नाही. पुढं ती मिरचीच्या कारखान्यात लपते, ओम पुरीचा म्हातारा राखणदार दार लावून घेतो, आणि मग काय होतं ते मी सांगणार नाही.

ते झालं की 'भूमिका'. १९७७, श्याम बेनेगल. हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावरून केलेला, आणि हंसाबाई म्हणजे आपल्या मराठी पडद्यावरची एकेकाळची केवढी मोठी नटी. त्यात पोरगी ते पुरती थकलेली बाई हा सगळा प्रवास स्मितानं केला तेव्हा ती स्वतः विशी नुकतीच ओलांडलेली होती. पहिलं नॅशनल अवॉर्ड याचंच. यात अमरीश पुरीचा एक सुखवस्तू जमीनदार आहे, तिला मानानं घरी नेतो, सगळं देतो, फक्त उंबऱ्याबाहेर जायचं नाही. ओरडत नाही, मारत नाही, सभ्य माणूस आहे हो. आणि त्या सभ्यपणात ती कशी गुदमरते ते बघा.

तिसरा 'उंबरठा', १९८२, जब्बार पटेल. हा आईबरोबर बघा आणि बघून झाल्यावर लगेच जेवायला बसू नका कारण भांडण होणार. सुलभा महाजन मुलगी घरी ठेवून महिलाश्रमाची नोकरी करायला निघून जाते, यावर आपल्याकडं चाळीस वर्षांनीही घराघरात दोन पार्ट्या पडतात. मी कुठल्या पार्टीत आहे ते विचारू नका, दर वेळी बदलते.

आणि हो, ते रीलवरचं उदास गाणं बहुतेक तिच्या पिक्चरमधलं नसतंच.

ती एफटीआयआयचीच ना? आमच्यात पैज लागली आहे.
— दोन मैत्रिणी, लॉ कॉलेज रोड

जी "नाही" म्हणाली ती जिंकली. स्मिता एफटीआयआयची, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची, विद्यार्थिनी नव्हती. पुण्यातल्या नाटकवाल्या ग्रुपांत होती, त्या कँपसवर तिचा राबता इतका की पुढं सगळ्यांनी तिला तिथलीच धरून टाकलं. अरुण खोपकर तिथं शिकत होते, त्यांच्या १९७४ च्या डिप्लोमा फिल्ममध्ये, 'तीव्र मध्यम'मध्ये, तिनं काम केलं. म्हणजे फी भरली नाही पण शिक्षण झालं असं म्हणा. पैजेत काय लावलंय ते लिहिलं नाहीत. बेडेकरांची मिसळ असेल तर मला सांगा.

स्मिता आमच्या पुण्याची. मुंबईवाल्यांनी तिला पळवली. तिच्या पुण्याबद्दल कुणीच लिहीत नाही, आपणही नाही.
— एक आजोबा, सदाशिव पेठ

आजोबा, रागवा पण बसून रागवा.

जन्म पुण्याचा, १९५५ चा, बरोबर. शाळा रेणुका स्वरूप, म्हणजे तुमच्या पेठेतलीच. पण घराणं खानदेशातलं, शिरपूरकडचं. वडील शिवाजीराव गिरधर पाटील समाजवादी चळवळीतले, पुढं मंत्री झाले, आणि आई विद्याताई परिचारिका आणि समाजसेविका. स्मिता धरून तीन बहिणी. आता माझ्या मते तिच्या पुण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शाळाही नाही आणि पेठही नाही, ती आहे राष्ट्र सेवा दल. कलापथकात नाचायचं, गायचं, गावोगाव जायचं, सतरंजीवर झोपायचं, मिळेल ते जेवायचं. हे ज्यांनी केलंय त्यांना माहितीये की तिथं कुणी हिरॉइन नसतं, प्रयोग संपला की तुम्हीच पेटी उचलायची. पुढं ती झोपडपट्टीतली, खेड्यातली, ठाकरवाडीतली बाई झाली आणि कुठंच 'शहरातली मुलगी फाटकं लुगडं नेसून आलीये' असं वाटलं नाही, ते मला वाटतं इथून आलंय. सेवा दलाच्या त्या कलापथकाशी वसंत बापटांचं नाव कायमचं जोडलेलं आहे, आणि 'उंबरठा'तली 'गगन सदन तेजोमय' ही प्रार्थना बापटांचीच. आता यात मुंबईवाल्यांनी काय पळवलं सांगा बरं.

उलट पुणेकर तिच्या कामात शेवटपर्यंत आहेत. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे दोघं बीजे मेडिकलचे डॉक्टर. 'सामना'त तिचं छोटं काम आहे, तो जब्बारांचाच. 'जैत रे जैत'मध्ये आगाशे नाग्या आणि ती चिंधी, कादंबरी गोनीदांची आणि गोनीदा राहायला तळेगावला. ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथांचं संगीत. 'मी रात टाकली' लागलं की आजही आमच्या घरी कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवतंच. मग सत्यजित रायांच्या 'सद्गती'त परत हे दोघं, १९८१ साली, आगाशे तो पंडित आणि ही त्या पंडिताच्या दारात लाकडं फोडता फोडता मेलेल्या माणसाची बायको. पाऊण तासाच्या आसपासची फिल्म आहे. बघून झाल्यावर बराच वेळ काही बोलवत नाही.

मुंबईनं काय दिलं तर दूरदर्शन. १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं आणि ही मराठी बातम्या द्यायला लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्यांना बसायची ही गोष्ट तुम्हाला माहिती असेलच, कॅमेऱ्यात खालचं दिसतंय कुठं! आणि त्या काळात आपल्याकडं स्थळं बघताना "गोरीपान, घारी" यापुढं गाडी सरकत नव्हती तेव्हा ही सावळी मुलगी रोज संध्याकाळी घराघरात जायची, आणि आया म्हणायच्या काय छान दिसते गं. श्याम बेनेगलांनी तिला घेतलं, आधी 'चरणदास चोर', मग 'निशांत', दोन्ही १९७५, पुढच्या वर्षी 'मंथन'. तो 'मंथन' गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन दोन रुपये काढून केलेला पिक्चर, २०२४ ला साफसूफ होऊन कान फेस्टिवलला दाखवला आणि मग इथं थिएटरलाही लागला.

आर्ट फिल्ममधली एवढी गंभीर बाई 'नमक हलाल'मध्ये पावसात कशाला नाचली? पैशासाठीच ना?
— एक वाचक, बिबवेवाडी

पैशासाठी असेल तर त्यात काय झालं? समांतर सिनेमात मानधन किती मिळायचं ते त्या लोकांनी स्वतःच पुष्कळदा सांगून झालंय. शिवाय नाव मोठं झालं की छोट्या पिक्चरलाही पैसे लावणारा भेटतो, हाही हिशोब असतोच.

'आज रपट जाएं' करून तिला बरं वाटलं नव्हतं, हे खरं आहे. अमिताभनी समजूत काढली होती म्हणतात. पण मला त्या गाण्यापेक्षा 'चक्र'चं पोस्टर जास्त बोलण्यासारखं वाटतं. 'चक्र' झोपडपट्टीतल्या बाईचा पिक्चर, १९८१ चा, त्यासाठी ती मुंबईतल्या वस्त्यांमध्ये जाऊन बसायची, बायका कशा बोलतात कशा उठतात ते बघायची, आणि दुसरं नॅशनल अवॉर्ड तिला याचंच मिळालं. त्यात उघड्यावर आंघोळीचा सीन आहे. आता ज्या वस्तीत मोरीच नाही तिथं बाई उघड्यावरच आंघोळ करणार, पिक्चरमध्ये तो सीन बघताना कुणाला काही वावगं वाटत नाही, गोष्टीत चपखल बसतो. पण नेमका तोच उचलून पोस्टरवर लावला, चौकाचौकात. यावर ती मुलाखतीत स्पष्ट बोलली आहे, की अर्धउघडी बाई दाखवून लोकांना बोलवायचं हे प्रेक्षकांवर लादलेलं आहे, पिक्चर चालायचा तर त्याच्या जोरावर चालावा. क्लिप अजून फिरते. शांतपणे बोलते, आवाज चढत नाही, आणि समोरच्याला पळायला जागा राहत नाही.

तेव्हा बिबवेवाडीकर, पावसात नाचली ती तिच्या मर्जीनं, पोस्टरवर लावली ती दुसऱ्यांच्या. मला विचाराल तर चिडायचंच असेल तर त्या पोस्टरवर चिडा.

स्मिता की शबाना?
— बऱ्याच जणांनी विचारलंय

'अर्थ' बघा, 'मंडी' बघा, दोन्हींत दोघी आहेत, आणि मग हा प्रश्न पुन्हा मला विचारू नका. 'अर्थ'मध्ये तर प्रेक्षकांची सगळी माया शबानाच्या वाट्याला जाणार हे स्क्रिप्टमध्येच ठरलेलं होतं, स्मिताच्या वाट्याला आली ती दुसरी बाई, त्यातून मनानं ढासळत चाललेली. तरीही आपण तिचा द्वेष करू शकत नाही. हे सोपं नाही हो.

राज बब्बर प्रकरणाबद्दल तुम्ही मुद्दाम लिहीत नाही का?
— नाव नको, औंध

हो, मुद्दाम. तो नट, तिचा जोडीदार, आधीच विवाहित होता, तिला माहिती होतं, तिनं जे केलं ते उघड केलं, आणि त्या वेळी तिला जे ऐकून घ्यावं लागलं ते त्याच्यापेक्षा तिला जास्त ऐकावं लागलं. झालं एवढंच.

तिला पुढचं दिसायचं असं वाचलं. अमिताभच्या अपघाताआधी तिला स्वप्न पडलं होतं, आणि स्वतःच्या मृत्यूचीही चाहूल होती. यात तथ्य किती?
— एक वाचक, वाकड

स्वप्नाची गोष्ट स्वतः अमिताभनी सांगितलेली आहे. ते बंगलोरला 'कुली'च्या शूटिंगला होते, रात्री हॉटेलवर स्मिताचा फोन आला, बरा आहेस ना, मला वाईट स्वप्न पडलं, आणि दुसऱ्या दिवशी तो अपघात, जुलै १९८२. त्यांना आलेला फोन आहे, ते सांगतायत, मी कोण नाही म्हणणारी. पण एक विचार करा. आपण सगळेच माणसं लांब गेली की उगाच फोन करतो, पोचलास का, जेवलास का, काल वाईट स्वप्न पडलं. माझी आई तर हायवेवर धुकं आहे असं टीव्हीवर ऐकून फोन करते, मी घरात असले तरी. हजार फोनांनंतर काहीच होत नाही आणि ते हजार फोन आपण विसरतो.

आणि मरणाची चाहूल वगैरे जे आहे ना, हे माणूस गेल्यावर मागं वळून जोडलेलं असतं. तिचे डोळे उदास, म्हणजे तिला माहिती होतं. अहो, डोळे तसे होते! 'जैत रे जैत'मध्ये ती खदखदून हसते तेव्हा त्याच डोळ्यांत कुणाला मरण दिसत नाही. ती चाहूल लागलेल्या बाईसारखी जगत नव्हती, कामं घेत होती, इतकी की ती गेल्यानंतर दहाच्या वर पिक्चर रिलीज झाले. आई व्हायचं होतं, झाली. मला तर ही पुढच्या वीस वर्षांचा बेत करणारी बाई दिसते.

प्रतिभावंत माणसं लवकर का जातात? देवालाही चांगली माणसं हवी असतात हेच खरं.
— एक आजी, नारायण पेठ

आजी, तुमच्याशी वाद घालायची माझी हिंमत नाही पण एकच सांगते. 'सामना'त स्मिता होती तसे डॉ. श्रीराम लागूही होते. लागू ९२ वर्षांचे होऊन २०१९ ला इथं पुण्यातच गेले. प्रतिभा काय कमी होती का त्यांच्यात? फक्त ९२ व्या वर्षी गेलेल्या माणसाबद्दल "देवानं नेलं" असं कुणी गहिवरून लिहीत नाही, म्हणून आपल्या डोक्यात लवकर गेलेलेच राहतात. देवाला मध्ये आणलं की मग आपल्याला काही करायचं उरत नाही, आणि पुढचं पत्र वाचा म्हणजे कळेल मी हे का म्हणते.

माझ्या धाकट्या बहिणीची डिलिव्हरी पुढच्या महिन्यात आहे, पहिलीच. तुमचं पान वाचून आईनं धसका घेतलाय. स्मिता पाटील नक्की कशानं गेली? आताच्या काळात असं होऊ शकतं का?
— एक वाचक, हडपसर

या पत्रासाठी बाकी सगळी पत्रं मागं ठेवली तरी चालतील असं मला वाटतं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

२८ नोव्हेंबर १९८६ ला तिला मुलगा झाला, प्रतीक. १३ डिसेंबरला ती गेली. मध्ये पंधरा दिवस. वय ३१. कारण बाळंतपणानंतरची गुंतागुंत, तेव्हाही हेच सांगितलं आणि आजही हेच. कुणाचं चुकलं, कुणी उशीर केला यावर इतकी वर्षं कुजबुज चाललीये, मी त्यात भर घालणार नाही.

पण "शापित" या शब्दावर माझा जो राग आहे तो इथं आहे. यात शाप कुठून आला? आपल्या कुठल्याही जुन्या घराची वंशावळ काढून बघा. पणजोबांच्या नावापुढं एक "पहिली" असते आणि एक "दुसरी". पहिलीचं काय झालं असं विचारलं की आजी कुकरची शिटी काढता काढता सांगते, बाळंतपणात गेली. नाव पण पुष्कळदा लक्षात नसतं. स्मिता पाटील त्या पहिलीसारखीच गेली. पद्मश्री होती, दोन नॅशनल अवॉर्डं होती, मुंबईसारखं शहर होतं, डॉक्टर होते, आणि तरी गेली ती बाळंतीण म्हणूनच गेली, नटी म्हणून नाही. तिच्या डोळ्यांचा, तिच्या सिनेमांचा, तिच्या प्रेमाचा त्या मरणाशी काडीचा संबंध नाही. आपण संबंध लावतो कारण तशी गोष्ट ऐकायला बरी वाटते, ताप, जंतू, रक्तस्राव यांची गोष्ट कोण ऐकणार.

तर आता तीच ऐका. हे सगळं ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना वाचून दाखवून मग छापतेय. हे स्मिताच्या केसबद्दल नाही, एकूणच बाळंतिणीबद्दल आहे. बाळ झाल्यावर गर्भाशयाच्या आतली जिथं वार चिकटलेली होती ती जागा म्हणजे ओली जखम असते. सिझेरियन असेल तर वरून टाकेही. जंतू शिरायला एवढी वाट पुरते. ते तिथंच आटोक्यात आले तर अँटिबायोटिकनी बरं होतं, पण रक्तात पसरले तर काही तासांत चित्र बदलतं, बीपी पडतं, किडनी, फुप्फुसं एकेक करून दमायला लागतात. जुने लोक सूतिकाज्वर किंवा बाळंतरोग म्हणायचे त्यात बऱ्याचदा हेच असायचं. व्हिएन्नाच्या एका हॉस्पिटलात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं १८४७ मध्ये दाखवून दिलं की डॉक्टरांनी क्लोरिनच्या पाण्यानं हात धुतले तर हे मृत्यू धडाधड खाली येतात, आणि त्याच्या बरोबरीच्या डॉक्टरांना त्याचा केवढा राग आला! आमचे हात घाण म्हणतोस?

आता घरात काय होतं ते बघा. बाळंतिणीला ताप आला की आपल्याकडची वाक्यं तयार असतात. दूध भरलंय म्हणून आलाय. वारं लागलं. रात्रीची जाग्रणं चाललीयेत, अंग कणकणणारच. आणि मग डोक्याला रुमाल, कानात कापूस, शेक, धुरी. दूध भरल्यानं थोडी कणकण येते हे खोटं नाही, पण ती साधारण पहिल्या काही दिवसांत येते आणि लवकर उतरते. पण हे दूध भरल्याचंच आहे हे आत्यानं किंवा शेजारच्या काकूंनी ठरवायचं नाही, ते डॉक्टर ठरवतील. घरात थर्मामीटर हवा, शंभर रुपये काही जास्त नाहीत, आणि ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की फोन करायचा, सकाळ व्हायची वाट बघायची नाही. थंडी वाजून हुडहुडी भरणं, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येणं, तासाभरात पॅड भिजून जाणं, ओटीपोटात वाढत जाणारं दुखणं, धाप लागणं, छाती धडधडणं, लघवी कमी होणं, पोटरी सुजून दुखणं, जबर डोकं दुखून डोळ्यांपुढं अंधारी येणं, किंवा बोलण्यात काहीतरी असंबद्ध वाटणं, यातलं एक जरी झालं तरी थेट हॉस्पिटल. गाडी नसेल तर १०८ लावा. आणि कधीकधी ताप न येताही तब्येत बिघडते, तेव्हा "मला काहीतरी बरं वाटत नाहीये" असं बहीण म्हणाली तर "पहिलटकरीण आहे, घाबरतेय" म्हणून उडवून लावू नका.

डॉक्टर लोक बाळंतपणानंतर ४२ दिवस धरतात, आपल्या सव्वा महिन्याहून थोडे जास्तच. तेवढे दिवस सगळ्यांचं लक्ष बाळाकडं असतं, वजन किती वाढलं, कुणासारखं दिसतं, आणि आई कोपऱ्यात डिंकाचा लाडू खात बसलेली. पाळण्यात वाकून बघायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानं आधी तिला विचारावं, तुला ताप नाही ना? बारशाला आहेर म्हणून थर्मामीटर द्या हवं तर, मी सिरियसली सांगतेय.

आणि बाळाला सोडून कशी जाऊ असं त्या आया म्हणतातच, सगळ्याच म्हणतात. त्यावर उत्तर तयार ठेवा. बाळ बरोबर न्यायचं किंवा आजीकडं ठेवायचं, वरचं दूध द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना विचारून द्यायचं. पण निघायचं.

आता आकडे सांगते, आईंना आकड्यांनी नाही पण तुम्हाला धीर येईल. सरकारच्या २०१८ ते २० च्या पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागं देशात ९७ आया दगावल्या, आणि महाराष्ट्रात ३३. स्मिता गेली त्या काळातल्या मानानं हे पुष्कळ खाली आलंय. म्हणजे तुमच्या बहिणीचं सगळं सुखरूप होणार असंच धरून चाला, बाळंतविडा तयार ठेवा, फक्त डिस्चार्जच्या वेळी रात्री-अपरात्री लावायचा नंबर कुठला ते विचारून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. आईंना 'मिर्च मसाला' दाखवा, आमचं ते पान परत वाचू देऊ नका.

तिचा शेवटचा पिक्चर कुठला? आमच्या कट्ट्यावर एकमत होत नाहीये.
— ज्येष्ठ नागरिक कट्टा, सहकारनगर

होणारही नाही. 'मिर्च मसाला' ती गेल्यावर आला म्हणून काही जण तो म्हणतात, पण त्यानंतरही येत राहिले. १९८८ चा 'वारिस' तुम्हाला आठवत असेल तर त्यात चेहरा तिचा आणि आवाज रेखाचा आहे, डबिंग व्हायच्या आधीच ती गेली होती. आणि १९८९ पर्यंत एखाद-दुसरा अडकलेला निघतच होता. कट्ट्यावर भांडणच करायचं असेल तर शेवटच्यावर नको, 'अकालेर संधाने'वर करा, मृणाल सेनचा, १९८० चा. त्यात ती स्मिता नावाच्या नटीचंच काम करते, १९४३ च्या दुष्काळावर शूटिंग करायला एका खेड्यात आलेली, आणि गावाला ही शूटिंगवाली माणसं नकोशी होतात. शहरातल्यांनी खेड्यातल्या भुकेवर पिक्चर काढावा का, यावर तुमचे दोन-तीन रविवार आरामात जातील.

पुढच्या महिन्यात परत पार्किंग. पत्रं दहा तारखेच्या आत पाठवा, आणि ज्यांनी प्रश्नाऐवजी सहा पानी कविता पाठवल्या आहेत त्यांनी कृपया कविता विभागाला त्रास द्यावा.